घाट, रूळ आणि पकड

आदिलाबादवरून नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या आपल्या घरांना इगतपुरीचा अपरात्रीचा थांबा चांगला परिचयाचा आहे. परतीच्या वाटेवर तसाच थांबा कसाऱ्याला असतो. तिथे मागून एक धक्का बसतो आणि डब्यातला एखादा जाणकार सांगतो, "मागे इंजिन लागले." का लागले असे विचारले तर उत्तर ठरलेले : घाट चढायचा आहे, एका इंजिनाला ओढवत नाही. उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. आजच्या विजेच्या इंजिनाच्या मोटरींना ताकद कमी नसते. कमी पडते ती रुळावरची पकड. लोखंडी चाक लोखंडी रुळाला जिथे टेकते ती जागा बोटाच्या नखाएवढी असते, आणि एवढ्याशा जागेच्या भरवशावर सगळी गाडी सह्याद्री चढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती उतरतेही. महाराष्ट्रातल्या दोन घाटांचा इतिहास मी इथे या पकडीच्या बाजूने सांगणार आहे. पूल आणि बोगदे यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे.

आधी वाचकांनी एक छोटा प्रयोग करावा. जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या, त्यावर एक नाणे ठेवा आणि पाटाची एक बाजू सावकाश उचला. बराच वेळ नाणे जागचे हलत नाही. उतार वाढतो तसा नाण्याला खाली खेचणारा वजनाचा हिस्सा वाढतो आणि पाटही नाण्याला तेवढेच जास्त धरून ठेवतो. मग एका ठरावीक कोनाला ते सुटते, आणि सुटले की सरसर खाली येते. दोन नाणी एकमेकांना चिकटवून ठेवली तरी सुटण्याचा कोन जवळपास तोच राहतो, कारण वजन वाढले की खेचही वाढते आणि पकडही. आपल्या मार्केट यार्डात सोयाबीनचा ढीग कितीही मोठा केला तरी त्याची बाजू एका कोनापलीकडे उभी राहत नाही, वरून ओतलेले दाणे घरंगळून पायाशी जातात. तोही साधारण याच जातीचा कोन.

नाणे सुटण्यापूर्वी जे धरून ठेवते ते स्थितिक घर्षण, सुटल्यावर जे रोखते ते गतिक घर्षण. दुसरे पहिल्यापेक्षा सहसा कमी असते. धरून ठेवणे सोपे आणि सुटलेले आवरणे अवघड, हा अनुभव जुनाच, पण तो मांडायला युरोपला बराच काळ लागला. लिओनार्दो दा विंचीने घर्षणाचे प्रयोग करून वहीत टिपले, ती वही वहीतच राहिली. १६९९ मध्ये आमाँताँ या फ्रेंच गृहस्थाने ते नियम पॅरिसच्या अकादमीपुढे नव्याने मांडले. घर्षण भारावर अवलंबून असते, टेकलेल्या जागेच्या आकारावर नाही, हे ऐकून विद्वानांचा विश्वास बसेना. पुढे १७५० च्या सुमारास ऑयलरने उतरत्या पृष्ठभागावर घसरणाऱ्या वस्तूचा हिशेब करून स्थिर आणि चालत्या घर्षणातला फरक दाखवला. आणि कुलोम, ज्याचे नाव आपण शाळेत विजेच्या धड्यात वाचतो, त्याने रोशफोरच्या जहाजगोदीत लाकूड, धातू, दोर यांवर प्रयोग करून १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळवले. नवे जहाज उतरत्या तक्त्यावरून पाण्यात सोडताना ते कधी सुटेल हा गोदीत रोजचा प्रश्न. कुलोमला आणखी एक गोष्ट दिसली : वस्तू जितका वेळ जागेवर बसून राहील तितकी ती सोडवणे कठीण होते.

स्थितिक घर्षणाचा एक स्वभाव मला फार विलक्षण वाटतो. ते आपणहून कुणाला ढकलत नाही. जेवढे मागितले तेवढेच देते, आणि तेही आपल्या मर्यादेपर्यंत. आम्हा जैनांच्या घरी तत्त्वार्थसूत्राचे वाचन होते, त्यात द्रव्यांच्या विवेचनात अधर्म नावाचे एक द्रव्य येते. हा अधर्म म्हणजे पाप नव्हे. थांबणाऱ्याला थांबायला साहाय्य करणारे ते तटस्थ तत्त्व. झाडाची सावली वाटसरूला ओढून बसवत नाही, पण बसू पाहणाऱ्याला आधार देते, असा दृष्टांत परंपरेत सांगतात. शास्त्राला भौतिकशास्त्राचा अंगरखा चढवण्याची हौस मला नाही. पण थांबण्यालाही काही आधार लागतो, याचा विचार इकडच्या लोकांनी केला होता, एवढे नोंदवून पुढे जातो.

आता रुळांकडे. आगगाडीच्या सुरुवातीच्या दिवसांत इंग्लंडमध्ये पुष्कळांना वाटे की गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर जागच्या जागी फिरत राहील, गाडी पुढे जाणारच नाही. म्हणून १८१२ मध्ये लीड्सजवळच्या कोळशाच्या रेल्वेवर ब्लेंकिन्सॉपने रुळाला दाते बसवले आणि इंजिनाला दातेरी चाक. त्याच सुमारास विलियम हेडलीने एका गाड्यावर वजने रचली, माणसांकडून हातांनी चाके फिरवून घेतली आणि दाखवून दिले की चाकांवर पुरेसे वजन असेल तर दात्यांची गरज नाही. का नाही, ते समजून घेण्यासारखे आहे. गाडी धावत असते, पण चाकाचा जो बिंदू त्या क्षणी रुळाला टेकलेला असतो तो रुळाच्या मानाने थांबलेला असतो. पाऊल टाकताना आपला टेकलेला पाय थांबलेला असतो, तसेच. म्हणजे धावत्या गाडीला पुढे नेणारे घर्षण स्थितिक आहे. चाक जागेवर गरगर फिरू लागले की ते गतिक होते, पकड घटते आणि इंजिन नुसते फणफणत राहते.

लोखंडावर लोखंड ठेवले तर साधारण पाचास एक एवढ्या उताराला ते घसरू लागते. म्हणजे पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली. पण त्याच लोखंडाचे चाक केले तर चारशेस एक इतक्या उतारावरही ते आपोआप चालू लागण्याची भीती असते. म्हणून स्थानकाच्या आवारात रूळ डोळ्यांना सपाटच दिसतील असे घालतात. रेल्वेचा सारा फायदा या गुळगुळीतपणात आहे. थोड्या जोरात खूप वजन हलते. आणि घाटातला सारा धोकाही त्यातच आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांच्यापुढे खरा प्रश्न सह्याद्रीचा होता. सपाटीची गाडी कल्याणपर्यंत सहज गेली. पुढे दोन वाटा : ईशान्येला थळ घाटातून नाशिक-भुसावळकडे, आग्नेयेला बोर घाटातून पुण्याकडे. बोर घाटात बैलगाड्यांचा पक्का रस्ता १८३० पासून होता. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, वरची खंडाळा-पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, आणि मधली काही वर्षे प्रवाशांनी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे, अशी गंमत चालली.

घाटाची वाट एका धनगराने, शिंग्रोबाने, दाखवली आणि बक्षीस म्हणून साहेबांनी त्यालाच मारले, असे सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि गाडीवाले तिथे नाणे टाकतात. कागदाचा पुरावा मागणाऱ्यांनी मागावा. पण डोंगरात कमी उताराची वाट कुठली, हे गुरे-मेंढरे चारणाऱ्याइतके कुणाला ठाऊक असणार, हा या कथेचा गाभा मला पटतो.

बर्कलींनी जो उतार ठरवला तो सदतिसास एक. कोनात मोजला तर दीड अंशाच्या आसपास. पाटावरचे नाणे एवढ्या कलाला हसेल. पण एक टन वजनाला हा उतार २७ किलोच्या जोराने मागे खेचतो. सपाटीवर तेच वजन चालते ठेवायला दोन-चार किलोचा जोर पुरतो. आज बाराशे टनांची प्रवासी गाडी घाटात चढवायची तर ३२ टनांहून अधिक ओढ नुसती उतारापायी लागते. सव्वाशे टनांच्या इंजिनाची कोरड्या रुळावरची पकड त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढी धरली तर होते साधारण ३१ टन. हिशेब जुळत नाही. मागच्या इंजिनाचा खुलासा इथे आहे : ते वाढीव पकड घेऊन येते. पुढे न लावता मागे लावण्याचे कारणही तसेच. सगळी ओढ पुढच्या कपलिंगवर पडू नये, आणि कपलिंग तुटलेच तर डबे मागे घरंगळू नयेत.

पावसाळ्यात हा पाव हिस्साही राहत नाही. आणि गंमत अशी की मुसळधार पावसापेक्षा पहिली भुरभुर जास्त वाईट. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो, भुरभुर मात्र धूळ आणि तेलाचा पातळ लेप तयार करते. त्यावर उपाय दीडशे वर्षांहून जुना आहे आणि अजूनही बदललेला नाही : इंजिनाच्या पेटीतली कोरडी वाळू नळीने चाकासमोर रुळावर सोडायची.

बोर घाटाचे काम १८५६ मध्ये विलियम फॅव्हिएल या कंत्राटदाराने सुरू केले. मजूर देश आणि कोकण अशा दोन्ही बाजूंनी आले. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथे माणसे दोराने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेतली. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा दंगा झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. नवे कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत वारले. कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी चालवले आणि पुरे करून घेतले. पटकीने आणि तापाने घाटात जी माणसे गेली ती बहुतांशी नाव-गाव न नोंदलेली. कामाच्या ऐन भरात, १८६१ मध्ये, ४२,००० माणसे या एका घाटावर होती. २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधून १८६३ मध्ये घाट सुरू झाला. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ. बर्कलींनी मात्र तो वाहताना पाहिला नाही, आदल्याच वर्षी ते इंग्लंडात वारले. थळ घाटाची माहिती त्यांनी १८६० मध्ये मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान म्हणून वाचली होती. तोही घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला : सव्वानऊ मैलांत ९७२ फूट.

दोन्ही घाटांत वळणाला जागा नव्हती, तिथे रिव्हर्सिंग स्टेशने केली. गाडी डोंगराच्या सोंडेवर येऊन थांबायची, इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि मग उलट तोंडाने पुढचा टप्पा. चढताना हे ठीक. उतरताना मात्र याचा अर्थ असा होतो की वरून येणारी गाडी सोंडेच्या टोकाशी थांबलीच पाहिजे, कारण टोकापुढे दरी आहे. १८६९ च्या जानेवारीत बोर घाटात एक उतरती गाडी ताब्यात राहिली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशन ओलांडून पुढे गेली.

या अपघाताचे कारण ब्रेक नव्हते असे नाही. ब्रेक होते, माणसे ते हातांनी आवळत. त्या काळी काही घाट-इंजिनांना लोखंडी ठोकळा सरळ रुळावरच दाबणारे स्लेज ब्रेकही लावत. अडचण ब्रेकच्या स्वभावात आहे. ब्रेकचा ठोकळा चाकावर घासतो, ते गतिक घर्षण. चाक रुळाला धरते, ते स्थितिक घर्षण. पहिले दुसऱ्याच्या आत राहिले तर गाडी मंदावते. घाबरून ब्रेक इतका आवळला की चाक फिरायचेच थांबले, तर चाक रुळावर नाण्यासारखे घसरू लागते आणि रोखण्याची ताकद उलट घटते. ब्रेकवाल्याला वाटते आपण पुरते आवळले, आणि गाडी तर वेग घेत असते.

हे नेमके मोजले गेले ते १८७८-७९ मध्ये, इंग्लंडच्या ब्रायटन मार्गावर. कॅप्टन डग्लस गॅल्टन आणि हवेच्या ब्रेकचे जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी एक खास डबा चालवून दाखवले की वेग जास्त असताना ठोकळ्याची पकड कमी असते, वेग उतरतो तशी ती वाढते, आणि जखडलेले चाक फिरत्या चाकापेक्षा खूपच कमी रोखते. म्हणजे घाट उतरणाऱ्याने वेग मुळातच वाढू द्यायचा नाही. एकदा वाढला की आवरण्याचे साधनच दुबळे होते. आमच्या वैद्यकीतही अशी दुखणी आहेत, ज्यांत उशीर झाला की औषधाची मात्रा वाढवून भागत नाही.

उष्णतेचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बाराशे टनांची गाडी थळ घाटातून सुमारे २९६ मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते तिच्यावर साधारण बारा हजार लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ठोकळ्यांत आणि चाकांत जाते. १९३० च्या सुमारास घाटांत विजेची इंजिने आली तेव्हा यावर एक सुंदर तोड निघाली : उतरताना मोटरीच जनित्रासारख्या फिरवायच्या, म्हणजे त्या गाडीला रोखतात आणि ठोकळ्यांवरचा भार हलका होतो. लांब नाकाच्या ज्या इंजिनाला रेल्वेचे लोक 'खेकडा' म्हणत ते याच पिढीतले. १९२९ मध्ये नवे बोगदे खणून बोर घाटातले रिव्हर्सिंग स्टेशनही काढून टाकले.

पण माझ्या मते घाटाचे खरे रक्षण केले ते एका साध्या योजनेने, जिचे नाव फार प्रवाशांना ठाऊक नसते : कॅच सायडिंग. उतरत्या मार्गात ठरावीक जागी एक फाटा काढलेला असतो आणि तो डोंगरावर चढत जाऊन संपतो. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो, मुख्य मार्गाकडे नाही. उतरणाऱ्या चालकाने सांध्याआधी गाडी पूर्ण उभी करायची. ती उभी राहिली, म्हणजे ताब्यात आहे असे ठरले, की मगच सांधा मुख्य मार्गाला लावतात आणि सिग्नल मिळतो. गाडी उभी राहिली नाही तर ती आपोआप चढावर जाते आणि ज्या गुरुत्वाने तिला पळवले तेच तिला थांबवते. माणसाच्या शब्दावर इथे काहीच सोडलेले नाही. 'माझे ब्रेक ठीक आहेत' असे चालकाने सांगून चालत नाही, थांबून दाखवावे लागते. आपल्याला गाडी घाटात उगाच थांबल्यासारखी वाटते आणि आपण कुरकुरतो, ते थांबे पुष्कळदा याच कामाचे असतात.

दाते लावायचे की नाही हा हेडलीच्या वेळचा प्रश्न आपल्याकडे डोंगरी गाड्यांत पुन्हा आला. निलगिरीच्या गाडीला साडेबारास एकच्या आसपास चढ आहे, तिथे मधोमध दातेरी पट्टी घातली. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने सुरू केली. तिचा चढ विसास एकपर्यंत, म्हणजे बोर घाटाच्या जवळजवळ दुप्पट, तरी ती बिनदात्यांची, नुसत्या पकडीवर चढते. डबे हलके आणि वेग थोडा ठेवला की ते जमते.

आता आपल्या दाराशी. निर्मळहून आदिलाबादला येताना महबूब घाट लागतो. तिथे रूळ नाहीत, डांबर आहे. कोरड्या डांबरावर रबराची पकड लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणून रस्त्याला रेल्वेपेक्षा उभा चढ परवडतो आणि मागून ढकलणारे कुणी लागत नाही. बैलगाडीच्या दिवसांत कापसाची भरलेली गाडी उतारावर नेताना चाक दोराने जखडत, किंवा मागे लाकडाचा ओंडका बांधून तो फरफटत नेत. बैलांच्या मानेवर गाडी येऊ नये म्हणून घर्षण मुद्दाम विकत घेण्याचा तो प्रकार. गॅल्टनसाहेबांचा प्रयोग त्यांना ठाऊक नव्हता, पण चाक जखडायचे तर वेग अगदी थोडा असतानाच, घाटाच्या माथ्यावर, हे ठाऊक होते.

ट्रकला ओंडका बांधता येत नाही. त्याचे काम खालचा गिअर करतो : इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेकवर थोडाच भार येतो. डिझेल वाचवायला काही चालक घाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रल करतात. तेव्हा गाडीचे सगळे वजन एकट्या ब्रेकवर येते, लायनर तापतात, आणि तापलेल्या लायनरची पकड घटते. दवाखान्यात येणाऱ्या जुन्या चालकांकडून मी ऐकले आहे की आधी लायनर जळल्याचा वास येतो, मग पेडल पायाखाली कामच करीनासे होते, आणि या दोहोंत फार वेळ जात नाही. रस्त्यावरच्या घाटांत कॅच सायडिंग क्वचितच असते. ज्यांच्या घरातली मुले मालगाड्या चालवतात किंवा ज्यांचा कापूस, सोयाबीन या घाटातून खाली जातो त्यांनी चालकाला भाडे विचारताना तो घाट कुठल्या गिअरमध्ये उतरतो हेही विचारावे. चढला त्याच गिअरमध्ये उतरतो असे उत्तर आले तर माल निर्धास्त द्यावा.